‘रन’चे सहाशे अर्थ पाठ करायचे का? त्यापेक्षा आधी धावतंय कोण ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्रजी डिक्शनरीत ‘रन’ उघडलं तर पानंच्या पानं निघतात, एवढे अर्थ लक्षात ठेवायचे कसे. सोबत तीन वाक्यं दिलीयत ज्यांचं मराठी जमेना: ‘द प्ले रॅन फॉर टू इयर्स’, ‘हिज नोज वॉज रनिंग’ आणि ‘शी रॅन द कंपनी इंटू द ग्राउंड’. पहिल्याचं ‘नाटक दोन वर्षं पळालं’ केलंय आणि पुढे स्वतःच ‘काहीतरी चुकतंय’ असं लिहिलंय. चुकतंय खरं पण अगदी थोडक्यात, एक क्रियापद बदललं की झालं. तिसरं मात्र खरंच अवघड आहे, ते शेवटी घेतो.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो, बावीसेक वर्षं झाली, मशीनची मॅन्युअल्स, औषधांची माहितीपत्रकं, करारनामे, सबटायटल्स, जे येईल ते. आणि एवढ्या वर्षांत मला अवघड शब्दांनी फारसं फसवलेलं नाही, अवघड शब्द आला की आपण निमूट डिक्शनरी उघडतो. फसवतात हे बारके, तीन-चार अक्षरी, पाचवीत शिकलेले शब्द, कारण ते येतात असं वाटतं ना आपल्याला! रन, सेट, गेट, पुट, टेक. या टोळीचा सध्याचा म्होरक्या ‘रन’ आहे आणि हे मी गमतीने म्हणत नाहीये. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९८९ची जी वीस खंडांची आवृत्ती आहे त्यात सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती, ४३० अर्थ, साधारण साठ हजार शब्द, म्हणजे एका शब्दावर एक छोटी कादंबरीच. मग पुढच्या आवृत्तीचं काम सुरू झालं तेव्हा २००० साली ‘मेक’ने तो रेकॉर्ड मोडला, २००७ला ‘पुट’ने, आणि २०११ला ‘रन’ आला तो ६४५ अर्थ घेऊन, तेही नुसत्या क्रियापदाचे, नाम वेगळंच. पीटर गिलिव्हर नावाचे तिथले संपादक या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते. तर तुम्हाला एका संध्याकाळी ते जमलं नाही यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

आता त्या ६४५ला फार घाबरू पण नका. ती ऐतिहासिक डिक्शनरी आहे, तिच्यात मेलेले अर्थ सुद्धा मोजतात, शिवाय ‘रन’ला ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ चिकटून जे प्रकार होतात ते पण. रोजच्या वाचनात सात-आठ घोळकेच भेटतात आणि ते एकमेकांचे नातेवाईक असतात.

नातेवाईक हा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून आधी एक फरक सांगतो. ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ आणि ‘बॅट’ म्हणजे खेळायची फळी, हे एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत, हे दोन वेगळे शब्द आहेत जे चालता चालता एकमेकांसारखे दिसायला लागले. आपल्याकडे दिव्याची वात आणि अंगातला वात, तसंच. असे शब्द असतील तर पाठ करण्यावाचून इलाज नाही, त्यांच्यात काही धागाच नसतो. ‘रन’चं तसं नाही, तो एकच शब्द आहे आणि त्याचे अर्थ एकातून एक फुटलेत, त्यामुळे फांदी धरून मागे मागे गेलं की बुंधा सापडतो.

आणि हे इंग्रजीचंच वेड आहे असं समजू नका हं. कधीतरी मराठी शिकणाऱ्या माणसाला ‘लागणे’ समजावून बघा. भूक लागली, आग लागली, ठेच लागली, झोप लागली, वेळ लागला, नोकरी लागली, निकाल लागला, सिनेमा लागला, दार लागलं, गोड लागलं, पत्ता लागला, जावं लागलं, मन लागत नाही, गाडी लागते म्हणून खिडकीशी बसतो, आणि तो तुझा कोण लागतो? यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. काय लागलंय आणि कोणाला लागलंय ते बघून आपोआप कळतं. ‘रन’ वाचताना इंग्रजी माणूस हेच करतो, फक्त त्याला ते माहीत नसतं, आपल्याला ‘लागणे’चं जसं माहीत नसतं तसं.

पहिली गाठ सोडवू, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. मराठीत चालणे वेगळं आणि चालवणे वेगळं, पळणे-पळवणे, पडणे-पाडणे, बसणे-बसवणे. स्वतः करणं आणि दुसऱ्याकडून करवणं यासाठी आपण क्रियापदाचं रूपच बदलतो, शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणून शिकलो होतो ते. इंग्रजीत पण एके काळी हे होतं. जुन्या इंग्रजीत स्वतः धावण्याचं क्रियापद वेगळं होतं आणि धावायला लावण्याचं, म्हणजे घोडा वगैरे पिटाळण्याचं, वेगळं होतं. नंतर ती दोन्ही झिजत झिजत एकमेकांत मिसळली आणि ‘रन’ हा एकच शब्द उरला. म्हणून ‘द मशीन रन्स’ म्हणजे मशीन चालतं आणि ‘शी रन्स द मशीन’ म्हणजे ती मशीन चालवते, रूप तेच. तुम्हाला जो गोंधळ वाटतो त्यातला निम्मा इथेच आहे असं मला वाटतं. ‘रन’च्या पुढे लगेच कर्म आलंय का, हे बघायचं. ‘रन अ स्कूल’, ‘रन अ टेस्ट’, ‘रन अ प्रोग्राम’, ‘रन अ कॅम्पेन’, पुढे वस्तू आली की डोक्यात ‘-वणे’ लावून टाकायचं, चालवणे. बाकी बारकावे मग, टेस्ट आपण ‘घेतो’ किंवा ‘करतो’, मोहीम ‘राबवतो’, पण दिशा चुकत नाही.

जाता जाता, तो जुना चॅम्पियन ‘सेट’ आहे ना, तो म्हणजे ‘सिट’चं प्रयोजक रूप! सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. हाड बसवणं, अंगठीत खडा बसवणं, दोन्हीकडे इंग्रजीत ‘सेट’च आहे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड पाडणे म्हणजे ‘फेल’, नापास होण्याच्या फेलशी त्याचा काही संबंध नाही. अशी चार-दोन जोडपी इंग्रजीत उरलीयत, बाकीच्यांचं ‘रन’सारखं झालं. मला हे कळलं तेव्हा दहा वर्षं भाषांतर करून झाली होती आणि मी दोन दिवस भेटेल त्याला हे सांगत सुटलो होतो.

दुसरी गाठ पाण्याची. आपल्याला वाटतं ‘रन’चा खरा अर्थ पायांनी धावणं आणि नदी ‘रन’ होते हा कवीपणा. पण या शब्दाच्या मुळात वाहणं पहिल्यापासून आहे. जर्मनमध्ये याची भावंडं अजून वेगवेगळी नांदतात, ‘रिनेन’ म्हणजे वाहणं, पाझरणं आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणं. इंग्रजीत दोन्ही एका घरात. त्यामुळे जिथे जिथे काही पातळ आहे तिथे ‘रन’ दिसला की पाय विसरायचे. तुमचं दुसरं वाक्य इथेच सुटलं, नाक वाहत होतं, विषय संपला. ‘टिअर्स रॅन डाउन हर चीक्स’, गालांवरून अश्रू ओघळले. ‘रन अ बाथ’ म्हणजे टबात पाणी सोडणं, इथे परत तो करवण्याचा अर्थ आला बघा, वाहवणं. कपड्याच्या लेबलवर ‘कलर्स मे रन’ असतं, म्हणजे रंग जाऊ शकतो, एकाचा दुसऱ्याला लागू शकतो (परत लागणे!). भिजलेल्या कागदावर ‘द इंक हॅज रन’, शाई पसरली. नद्या-विहिरी ‘रन ड्राय’ होतात म्हणजे आटतात. आणि ‘द रन्स’ असं अनेकवचनी नाम आलं, त्यात कोणी वाक्यात हळू आवाजात बोलत असेल, तर ते जुलाब असतात, क्रिकेट नव्हे.

हे विनोदी वाटतं पण यात माणसाला इजा होऊ शकते म्हणून एक किस्सा. प्रथमोपचाराचं एक माहितीपत्रक माझ्याकडे तपासायला आलं होतं, भाजलेला भाग ‘कूल रनिंग वॉटर’खाली वीस मिनिटं धरा असं मूळ इंग्रजीत होतं. मराठी करणाऱ्याने लिहिलं होतं ‘थंड पाण्यात ठेवा’. ‘रनिंग’ त्याला बहुतेक सजावटीचा शब्द वाटला. पण तो सजावटीचा नाही, सगळा उपाय त्या शब्दात आहे, वाहतं पाणी उष्णता घेऊन निघून जातं आणि मागून नवं थंड पाणी येतं, बादलीतलं पाणी काही वेळात कोमट होऊन बसतं. ‘नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा’ असं करून दिलं. एक शब्द खाल्ला की सूचनाच बदलते.

दुसऱ्याची चूक सांगितली तर आता माझी पण सांगतो. सुरुवातीच्या काळात एका जनरेटरच्या मॅन्युअलमध्ये ‘डू नॉट रन द इंजिन इन अ क्लोज्ड स्पेस’ होतं. मी ‘बंद जागेत इंजिन पळवू नका’ असं लिहून मोकळा झालो. वाचून बघा काय अर्थ होतो, जोरात पळवू नका, हळू चालू ठेवलं तर चालेल! आणि बंद जागेत इंजिन हळू चालू ठेवलं तरी धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठत जातो, त्याला वास नाही रंग नाही, माणूस झोपेतच जातो. तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने नुसतं ‘चालू ठेवू नका’ असं लिहिलं आणि बाजूला काही न बोलता दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघा मला अजून दिसतात.

यातून तिसरी गोष्ट निघते, इंग्रजीत यंत्रं धावतात आणि मराठीत चालतात. मशीन चालतं, पंखा चालू आहे, दुकान चालतं, संसार चालतो, वाद चालतो, केस चालते, नाटक चालतं. तर तुमचं पहिलं वाक्य, नाटक दोन वर्षं चाललं. पळालं नाही, चाललं. इंग्रज धावत असतो तिथे आपण चालत असतो एवढाच फरक, आणि याच्यात कोणी आळशी नाही, फ्रेंच लोक सुद्धा यंत्राला ‘मार्शे’ म्हणतात म्हणजे चालणंच. जर्मन ‘लाउफेन’ वापरतात ज्यात धावणं आणि चालणं दोन्ही येतं, त्यांनी भांडणच मिटवलं. माझा अंदाज असा आहे की ‘रन’ एवढा फुगला त्याचं मोठं कारण ही यंत्रंच, आधी चाकं-गिरण्या, मग आगगाडी, मग वीज, मग कॉम्प्युटर, प्रत्येक नवी गोष्ट आली की इंग्रजीने तिला जुनाच शब्द देऊन टाकला. प्रोग्राम ‘रन’ करणं हे तर आपण पण तसंच उचललं, ‘कोड रन करून बघ’ याला कोणी ‘चालवून बघ’ म्हटलं तरी बरोबर आहे पण म्हणत नाही कोणी. इथे भाषांतराचा हट्ट धरू नये असं माझं मत, वाचणारा ज्या शब्दात काम करतो तोच द्यावा.

यंत्रांमध्ये अपवाद दोन. गाडी, म्हणजे रेल्वे, मराठीत धावते, ‘गाडी वीस मिनिटं उशिराने धावत आहे’ हे स्टेशनवर ऐकून ऐकून पक्कं झालंय. आणि घड्याळ, ते पुढे गेलं तर आपण ‘पळतंय’ म्हणतो, इंग्रजीत ‘रन्स फास्ट’, पण मागे पडलं की आपल्याकडे ते ‘मागे पडतं’ आणि इंग्रजीत मात्र ‘रन्स स्लो’, हळू धावतं. हळू धावणं! इंग्रजांना यात काही विचित्र वाटत नाही.

चौथा घोळका असा की काहीच हलत नसतं तरी इंग्रजीत ते धावतं. ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर’, रस्ता जागच्या जागी पडलेला आहे, धावते ती बघणाऱ्याची नजर. मराठीत पण रस्ता ‘जातो’, पण भिंत, वायर, पाइप यांना आपण सहसा जायला लावत नाही, पाइप भिंतीलगत ‘गेलेला असतो’ म्हणजे जाऊन थांबलाय असं. ‘अ क्रॅक रन्स अक्रॉस द सीलिंग’, छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेलाय. हेच जागेचं काळाला लावलं की करार ‘रन्स अंटिल डिसेंबर’ होतो, म्हणजे कराराची मुदत डिसेंबरपर्यंत आहे. पिढ्यांना लावलं की ‘इट रन्स इन द फॅमिली’, त्यांच्या घराण्यातच आहे ते. ‘फाइव्ह डेज रनिंग’ म्हणजे पाच दिवस धावत नव्हे, सलग पाच दिवस. आणि पाठीच्या कण्यातून शहारा ‘रन’ झाला तर आपल्याकडे सरळ अंगावर काटा येतो, तिथे पाठीचा कणा आणायची गरज नाही.

माझी सगळ्यात आवडती जागा निवडणुकीची. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीत ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. एकीकडे धावतोय, दुसरीकडे उभा आहे आणि दोघांना मतंच हवीयत. मराठीत आपण ‘निवडणुकीला उभा राहिला’ म्हणतो, म्हणजे ब्रिटिशांच्या बाजूला. त्यामुळे ‘ही इज रनिंग’ असं अमेरिकन बातमीत आलं की ‘तो उभा आहे’ असं भाषांतर करावं लागतं, शब्दशः बघितलं तर अगदी उलटं. ‘लढवतोय’ चालेल, शर्यतीत आहे हे पण चालतं, पण ते बातमीदारी थाटाचं होतं.

बँकेचा ‘रन’ मात्र सांभाळा. ‘अ रन ऑन द बँक’ म्हणजे सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला लोटतात ते. एका अनुवादात मी ‘बँकेवर धाव’ असं वाचलंय, ते दरोड्यासारखं वाटतं. २०२३च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं असं झालं, एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला घेतले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद. त्यात गंमत म्हणजे कोणी धावलं नाही, रांगा लागायच्या आधीच बहुतेकांनी फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून पैसे हलवले, तरी शब्द ‘रन’च राहिला. मराठीत ‘पैसे काढण्यासाठी झुंबड’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं, झुंबडीत घबराट आपोआप येते.

आता शेपट्या. ‘रन’ला जे ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘इंटू’ चिकटतात त्यांची यादी मी देणार नाही, ती कुठेही मिळेल, पण दोन-तीन ठिकाणी खड्डे आहेत ते दाखवतो. ‘वी रॅन आउट ऑफ पेट्रोल’ यात इंग्रजीत माणसं कर्ता आहेत, मराठीत पेट्रोल कर्ता होतं, पेट्रोल संपलं. ‘आम्ही पेट्रोल संपवलं’ असं केलं तर आरोप होतो. तसंच ‘आय अॅम रनिंग आउट ऑफ पेशन्स’, माझा धीर सुटत चाललाय, मी कशातून धावत नाहीये. पण ‘शी रॅन आउट ऑफ द रूम’ म्हणजे खरंच खोलीतून धावत बाहेर गेली. शब्द तेच, ‘ऑफ’नंतर संपण्यासारखी वस्तू आहे की जागा आहे एवढ्यावर सगळं. आणि क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ म्हणजे धावबाद, तिथे संपलं आणि बाहेर गेला हे दोन्ही एकदमच होतं म्हणा.

‘रन इंटू’चं असंच. माणसात ‘रन इंटू’ केलं तर अचानक भेट, खांबात केलं तर धडक, अडचणीत केलं तर अडकलो, आणि आकडा आला, ‘इट रन्स इंटू मिलियन्स’, तर खर्च दशलक्षांच्या घरात जातो. ‘रन ओव्हर’ भाषणाचं झालं तर वेळेपेक्षा लांबलं, भांड्यातल्या पाण्याचं झालं तर वर येऊन सांडलं, कुत्र्याचं झालं तर बिचारं गाडीखाली आलं. ‘रन डाउन’ बॅटरी असेल तर उतरलेली, इमारत असेल तर पडझड झालेली, माणूस असेल तर थकलेला, आणि माणसाने माणसाला ‘रन डाउन’ केलं तर गाडीने उडवलं किंवा पाठीमागे नावं ठेवली, या दोन्हीत फरक आहे, पुढची ओळ वाचल्याशिवाय ठरवू नका!

काही जोड्या मात्र नुसत्या सवयीच्या असतात, त्यांच्यापुढे हे धावणं-वाहणं वगैरे काही चालत नाही. ‘रन अ रिस्क’ धोका पत्करणं, ‘रन अ फीव्हर’ अंगात ताप असणं, ‘रन अ रेड लाइट’ सिग्नल तोडणं. पेपरने बातमी ‘रन’ केली म्हणजे छापली. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार, ‘इन द लाँग रन’ म्हणजे पुढे जाऊन, ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे साधारण, चारचौघांसारखं. प्रिंटिंगवाल्यांची ‘प्रिंट रन’ म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, कोंबड्यांची ‘रन’ म्हणजे त्यांना फिरायला घातलेलं जाळीचं कुंपण. अमेरिकेत स्टॉकिंगला ‘रन’ पडतो म्हणजे धागा निसटून लांब रेघ जाते, ब्रिटनमध्ये त्यालाच ‘लॅडर’ म्हणतात, शिडी.

तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो, ‘रन’ म्हणजे धाव हे समीकरण मराठीने मुद्दाम जपलं अशा पण जागा आहेत आणि त्या फार छान आहेत. शिवणकामातला ‘रनिंग स्टिच’ म्हणजे धावदोरा. विमानाचा ‘रनवे’ धावपट्टी. ‘रनिंग कॉमेंटरी’ धावतं समालोचन. क्रिकेटने तर धाव, धावसंख्या, धावगती, धावफलक असा सगळा संसारच मांडला, चेंडू सीमेपार गेला तर एक पाऊल न धावता चार ‘धावा’ मिळतात याची आपल्याला आता गंमतही वाटत नाही. उलट बाजूने मराठीत जे आहे ते ‘रन’मध्ये नाही, कोणी अडचणीत ‘धावून आला’ आणि कोणी ‘पळून गेला’, दोघांचे पाय सारखेच हलले पण एकाला आपण धावणं देतो आणि दुसऱ्याला पळणं. इंग्रजीत दोघंही ‘रॅन’. म्हणून माणसाच्या पायांचा, अगदी सोपा वाटणारा ‘रन’ आला तरी मी थांबतो, धावला की पळाला? कथेत हे चुकलं तर भित्रा माणूस शूर होतो.

तर काम करताना मी काय करतो ते सांगतो. आधी कर्ता, कोण किंवा काय धावतंय: माणूस, पातळ वस्तू, यंत्र, संस्था, जागेवरची वस्तू की काळ. मग पुढे कर्म आहे का, असेल तर ‘-वणे’. मग शेपूट. एवढं झालं की वाक्यातून ‘रन’ काढून टाकतो, त्या जागी मोकळी जागा ठेवतो आणि स्वतःला विचारतो की इथे मराठी माणूस काय म्हणाला असता. डिक्शनरी त्यानंतर उघडतो, माझं बरोबर आहे ना बघायला. सुरुवातीला वेळ लागतो, नंतर डोळा बसतो.

आता तुमचं तिसरं. ‘शी रॅन द कंपनी इंटू द ग्राउंड’. कर्ता बाई, पुढे कर्म कंपनी, म्हणजे चालवली. पण शेपूट आहे ‘इंटू द ग्राउंड’, जमिनीत. चालवून चालवून पार जमिनीत घातली, गाडी न थांबता, न दुरुस्त करता दामटत राहावं आणि एक दिवस ती बसावी तसं. नुसतं ‘कंपनी बुडवली’ लिहिलं तर अर्थ पोचतो पण बुडवण्यात थोडी लबाडीची शंका येते, पैसे खाल्ले की काय असं वाटतं, आणि मूळ वाक्यात तसं काही नाही, तिथे आहे तो वाईट कारभार. ‘धुळीला मिळवली’मध्ये शत्रुत्व येतं. ‘कंपनी डबघाईला आणली’ हे बरंच जवळ जातं पण त्यात अजून थोडी धुगधुगी शिल्लक आहे आणि इंग्रजी वाक्यात ती संपलीय. मी असतो तर ‘तिच्या कारभारात कंपनी पार बसली’ असं केलं असतं, कर्ता बदलला तरी बदलू दे. फक्त मागेपुढे ती बाई दिवसरात्र राबत होती असं काही असेल तर मला पुन्हा विचार करावा लागेल, तेव्हा पूर्ण परिच्छेद पाठवा.